सिलिंडरागणिक थ्रॉटल: कोकणातल्या गाडीसाठी आयटीबी निवडताना

आयटीबी, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळा थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप), घ्यायचे ठरले की पहिला प्रश्न हमखास येतो, 'किती एमएमचे?' त्याआधी तीन गोष्टी पक्क्या झालेल्या असाव्या लागतात. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) कोणता आहे, ब्रेकच्या बूस्टरला (पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाला) व्हॅक्यूम कुठून मिळणार, आणि थ्रॉटलच्या तोंडावर फिल्टरचा डबा कुठे बसणार. कोकणातल्या गाडीसाठी यातली तिसरी गोष्ट सगळ्यात आधी घ्यावी. खारं वारं, जांभ्याची लाल धूळ आणि चार महिने आडवातिडवा पाऊस, एवढ्या तिघांसमोर उघडे ट्रम्पेट, म्हणजे थ्रॉटलच्या तोंडावरच्या कर्ण्यासारख्या नळ्या, टिकत नाहीत.

कंपनीच्या इंजिनात एक थ्रॉटल, त्यामागे प्लेनमची पोकळी आणि तिथून प्रत्येक सिलिंडरकडे जाणारे रनर असतात. आयटीबीत प्रत्येक पोर्टला (हेडमधल्या हवेच्या वाटेला) आपापला थ्रॉटल मिळतो, तोही व्हॉल्व्हच्या जवळ. पाकळी (थ्रॉटलमधली फिरणारी चकती) आणि व्हॉल्व्ह यांच्यातली हवा अगदी थोडी उरते, म्हणून पाय हलला की इंजिन तत्क्षणी उचलतं. हा पहिला फायदा. दुसरा फायदा मोठ्या ओव्हरलॅपच्या, म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बराच वेळ एकत्र उघडे ठेवणाऱ्या, कॅमचा. अशा कॅमवर आयडलला एक्झॉस्टचा धूर उलटा इनटेकमध्ये येतो, प्लेनममधून शेजारच्या सिलिंडरात शिरतो आणि गाडी मिसिंग करत डुलत राहते. थ्रॉटल वेगळे केले की एकाचा धूर दुसऱ्याकडे जायचा थांबतो.

खरे फायदे हे दोनच. कंपनीचा कॅम, कंपनीचा एक्झॉस्ट आणि वर आयटीबी अशी जुळणी केली तर वरची ताकद फारशी वाढत नाही आणि मधला टॉर्क बहुतेक वेळा घटतो, कारण कंपनीने मोजूनमापून दिलेले लांब रनर काढून त्या जागी आखूड नळ्या बसतात. आंबोली, फोंडा किंवा कुंभार्ली घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ३००० ते ४५०० आरपीएमवर चढला जातो आणि नेमकी तिथेच गाडी ढिली पडते. हेड, कॅम, एक्झॉस्ट, स्टँडअलोन ईसीयू (कंपनीच्या जागी बसवलेला, ट्यून करता येणारा इंजिनचा कॉम्प्युटर) हे सगळं झाल्यावरच आयटीबीकडे वळावं.

कायद्याचंही आधीच सांगतो. मोटर वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलांशी आरसी बुकातली नोंद जुळणार नाही असा बदल वाहनात करता येत नाही. अपघात झाला तर विम्याचा दावाही अडकू शकतो. त्यामुळे पुढचं सगळं ट्रॅक आणि ऑटोक्रॉसच्या गाड्यांसाठी आहे. रस्त्यावर आणायची असेल तर आधी आरटीओत विचारून घ्यावं.

आता मापाकडे. पाकळीतून जाणारी हवा किती वेगाने धावते यावर माप ठरवावं. पिस्टनचा सरासरी वेग काढायचा, म्हणजे स्ट्रोक मीटरमध्ये घेऊन दोनाने आणि आरपीएमने गुणायचं आणि ६० ने भागायचं. मग बोअरला थ्रॉटलच्या व्यासाने भागून आलेल्या आकड्याचा वर्ग करायचा आणि त्याने पिस्टनचा वेग गुणायचा. जुन्या होंडा सिटी व्हीटेकचं १४९३ सीसीचं इंजिन घेऊ. बोअर ७५, स्ट्रोक ८४.५ एमएम. ७००० आरपीएमला पिस्टनचा वेग सेकंदाला १९.७ मीटर. ४० एमएम थ्रॉटल लावला तर हवेचा वेग ६९ मीटरच्या आसपास येतो, ४५ ला ५५ आणि ५० ला ४४. मारुती एस्टीमच्या १२९८ सीसी इंजिनात बोअर ७४, स्ट्रोक ७५.५. तिथे ७००० ला ४० एमएममध्ये ६० मीटर आणि ३८ मध्ये ६७ मीटर मिळतात.

जास्तीत जास्त आरपीएमला हा आकडा ६० ते ७५ च्या दरम्यान ठेवावा, असं माझं मत आहे. पडताळायला टोयोटाचं २० व्हॉल्व्हचं ४ए-जीई बघा, ज्याला ब्लॅकटॉप म्हणतात. कंपनीनेच चार थ्रॉटल देऊन ते विकलं होतं. बोअर ८१, स्ट्रोक ७७, थ्रॉटल ४५ एमएम, पूर्ण ताकद ७८०० आरपीएमला. हिशेब केला की ६५ मीटर येतात. १६०० सीसी आणि जवळजवळ आठ हजार आरपीएमला टोयोटाला ४५ पुरले, तर १३०० सीसीच्या इंजिनाला ४५ कशाला हवेत? ३८ किंवा ४० पुष्कळ झाले. या हिशेबात स्पिंडलची, म्हणजे पाकळी ज्यावर फिरते त्या दांड्याची, अडचण धरलेली नाही. ४० एमएमच्या भोकात ८ एमएमचा गोल स्पिंडल जवळपास पाव जागा खातो, म्हणून मधे चपटा केलेला स्पिंडल असेल तर तोच घ्यावा.

मोठं माप घेतलं की चालवताना त्रास सुरू होतो. चार मोठ्या पाकळ्या थोड्या उघडल्या तरी इंजिनाला लागेल तेवढी जवळजवळ सगळी हवा मिळून जाते. पेडलचा पहिला इंचभर प्रवास म्हणजे सगळं किंवा काहीच नाही, आणि उरलेला प्रवास वाया. ओल्या वळणावर हे धोक्याचं आहे. मोठे थ्रॉटल हाताशी असतीलच, तर थ्रॉटलच्या गोल पुलीच्या जागी सुरुवातीला हळू आणि पुढे भराभर उघडणारी कॅमच्या आकाराची पुली बसवून घ्यावी.

लांबीचा अंदाज असा: व्हॉल्व्हच्या डोक्यापासून ट्रम्पेटच्या तोंडापर्यंतचं अंतर ९००० आरपीएमच्या इंजिनाला साधारण ३५० एमएम, ७००० ला ४५० एमएम. आरपीएम कमी तसं अंतर जास्त. यात हेडमधल्या पोर्टची लांबीही धरायची. हा फक्त सुरुवातीचा आकडा आहे, शेवटचा निकाल डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) २०-२० एमएमने ट्रम्पेट बदलून लागतो. अडचण जागेची येते. होंडाच्या या इंजिनात इनटेक फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या भिंतीच्या) बाजूला आहे, तिथे ४५० एमएम सरळ नळी बसत नाही. पुठ्ठ्याची नळी करून बोनेट बंद करून बघावं. इंजिन माउंटवर हलतं, तेही धरून चारही बाजूंनी १५-२० एमएम मोकळं राहिलं पाहिजे.

थ्रॉटल दोन वाटांनी मिळतात. एक, वेबर डीसीओई कार्बुरेटरच्या फ्लँजवर (बोल्टने जोडायच्या सपाट पट्टीवर) बसणारे तयार बॉडी. जेनव्हीसारख्या कंपन्या ते बनवतात. यात दोन भोकांच्या केंद्रांमधलं अंतर ९० एमएम असतं, इंजेक्टरची जागा, टीपीएस (पाकळीचा कोन मोजणारा सेन्सर), लिंकेज सगळं नीट मिळतं, पण आयात आणि ड्युटी धरून खर्च मोठा. दुसरी वाट म्हणजे चार सिलिंडरच्या मोटरसायकलचे जुने थ्रॉटल, बहुधा सुझुकी जीएसएक्स-आरचे. स्वस्त पडतात, पण काम वाढतं. अनेक मॉडेलमध्ये प्रत्येक भोकात दुसरी पाकळी असते आणि तिला मोटर हलवते. ती पाकळी, तिचा स्पिंडल, मोटर काढून भोकं बुजवावी लागतात. भोक निमुळतं असतं, म्हणून विकणाऱ्याने सांगितलेलं माप तोंडाचं की पाकळीचं ते व्हर्नियरने स्वतः बघावं. बाइकच्या सिलिंडरांमधलं अंतर गाडीच्या पोर्टशी जुळत नाही, त्यामुळे बॉडी सुट्या करून नव्या अंतरावर बसवायच्या आणि लिंकेज नवं करायचं. विकत घेताना प्रत्येक स्पिंडल वरखाली हलवून बघावा. खेळ जाणवला तर तो सेट परत द्यावा, कारण झिजलेल्या स्पिंडलमधून हवा गळते आणि आयडल कधीच जुळत नाही.

मॅनिफोल्ड, म्हणजे हेड आणि थ्रॉटल यांच्यामधला जोडभाग, ॲल्युमिनियमचा करावा, निदान १२ एमएम जाडीच्या फ्लँजवर टिग वेल्डिंग करून. माइल्ड स्टीलचा मॅनिफोल्ड किनाऱ्यावर आतून गंजतो आणि गंजाचे पापुद्रे थेट व्हॉल्व्हवर जातात. वेल्डिंगने फ्लँज वाकतोच, म्हणून सगळं वेल्डिंग संपल्यावर पुन्हा फेसिंग करून, म्हणजे मशीनवर सपाट करून घ्यायचं. या कामाची मिरजोळे किंवा कुडाळच्या एमआयडीसीत चौकशी करावी. मॅनिफोल्ड आणि थ्रॉटल यांच्यामध्ये रबरी जोड देणार असाल तर साधा निळा सिलिकॉन होज वापरू नका. पेट्रोल त्यातून झिरपतं आणि तो फुगतो. आतून फ्लोरोसिलिकॉनचं अस्तर असलेला होज घ्या, नाहीतर बाइकचेच मूळ रबर वापरा.

आता फिल्टरचा डबा, म्हणजे एअरबॉक्स. ट्रम्पेटवर जाळी लावून फिरणं म्हणजे इंजिनला सँडपेपर लावण्यासारखं आहे. जाळी पानं अडवते, धूळ अडवत नाही. ट्रम्पेटवर ओढायचे फोमचे मोजे तेल लावलेले असतील तर उन्हाळ्यात बरे चालतात, पण पावसात भिजून जड होतात, हवा अडवतात आणि चौघांपैकी एक जास्त भिजला की तो सिलिंडर वेगळं मिश्रण घेतो. शिवाय बोनेटखालची गरम हवा आत जाते. हवेचं तापमान १० अंशांनी वाढलं की घनता साधारण ३ टक्क्यांनी घटते, म्हणजे ताकदही जवळपास तेवढीच. कोकणची दमट हवा आधीच कमी ऑक्सिजन देते. ३२ अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर हवेतली जवळपास पावणेचार टक्के जागा वाफेने घेतलेली असते. त्यात बोनेटची गरमी कशाला वाढवायची?

बंद डबा हाच उपाय. त्याचं आकारमान इंजिनच्या सीसीच्या निदान दीड ते दोन पट असावं आणि ट्रम्पेटच्या तोंडासमोर, बाजूलाही, निदान एका थ्रॉटलच्या व्यासाएवढं अंतर मोकळं हवं. भिंत जवळ आली की कडेच्या सिलिंडरांना हवा कमी पडते आणि चारांचं मिश्रण कधीच एकसारखं होत नाही. डबा करायला कोकणात चांगली सोय आहे. फायबरच्या होड्या बांधणारे आणि दुरुस्त करणारे कारागीर किनाऱ्यावर आहेत, साचा दिला तर ते असा डबा सहज काढून देतील. फक्त रेझिनचं बघा. होडीला वापरतात ते साधं पॉलिस्टर रेझिन बोनेटखालच्या उष्णतेत मऊ पडतं. व्हिनिल एस्टर किंवा उष्णता सोसणारं इपॉक्सी मागा. आतली बाजू जेलकोट देऊन गुळगुळीत करून घ्या. एकही सुटा तंतू आत राहता कामा नये, तो थेट सिलिंडरमध्ये जातो. फिल्टर मोठ्या डिझेल गाडीचा पॅनल प्रकारचा घ्यावा, क्षेत्रफळ जितकं जास्त तितकं बरं. हवेचं तोंड हेडलाइटच्या पातळीच्या वर, मागे वळलेलं असावं आणि डब्याच्या तळाशी, फिल्टरच्या आधीच्या भागात, पाणी निघून जायला झडपेचा ड्रेन हवा. रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून जाताना खालून हवा घेणारा डबा पाणी ओढतो, आणि पाणी दाबलं जात नसल्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो.

ईसीयूच्या ट्यूनिंगमध्ये घाट आणि किनारा हा जोडीचा प्रश्न सगळ्यात जास्त चुकतो. आयटीबीवर मॅनिफोल्डचा दाब फार उडतो, त्यामुळे बरेच जण फक्त पाकळीचा कोन आणि आरपीएम बघून पेट्रोल देतात. याला अल्फा-एन म्हणतात. पण या पद्धतीत बाहेरची हवा विरळ झाल्याचं ईसीयूला कळत नाही. समुद्रसपाटीला दाब १०१ किलोपास्कल असतो, आंबोलीत, साधारण ६९० मीटर उंचीवर, तो ९३ च्या आसपास येतो. म्हणजे ८ टक्के फरक. काही ईसीयू चावी फिरवताना एकदाच हवेचा दाब मोजतात आणि तोच धरून ठेवतात. वेंगुर्ल्याहून निघून न थांबता आंबोलीला गेलात तर गाडी वर रिच (जास्त पेट्रोलवर) चालेल, धूर काढेल, प्लग काळे होतील. त्याहून वाईट उलटी वाट: आंबोलीत सुरू केलेली गाडी खाली सपाटीला पोचली की ८ टक्के लीन (पेट्रोल कमी), आणि तिथे फुल थ्रॉटल दिलं की नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून बसणारे ठोके). म्हणून बाहेरच्या हवेकडे उघडा असलेला दुसरा, सतत मोजणारा दाबाचा सेन्सर लावावाच. मेगास्क्वर्टसारख्या ईसीयूत आयटीबीसाठी वेगळा मोड आहे. कमी उघडीवर तो दाब बघतो, जास्त उघडीवर पाकळीचा कोन. रस्त्यासारख्या चालीसाठी मला तोच पटतो.

ईसीयूच्या पेट्रोलच्या टेबलमध्ये टीपीएसचे कप्पे सारख्या अंतराने देऊ नका. ०, २, ४, ६, ८, १०, १५, २०, ३०, ५०, १०० असे खालच्या बाजूला दाट ठेवा, कारण हवा तिथेच झपाट्याने बदलते. पंपावर आता ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, त्याचं हवा-पेट्रोलचं आदर्श प्रमाण १४.७ नसून साडेतेराच्या आसपास आहे. त्यामुळे आकडे एएफआरमध्ये (हवा-पेट्रोलच्या प्रमाणात) न वाचता लॅम्डामध्ये (आदर्श प्रमाणाच्या पटीत) वाचावेत, घोटाळा होत नाही. इंजेक्टरचा हिशेबही त्यानेच करा. १३० बीएचपीचं लक्ष्य, चार इंजेक्टर, ८० टक्के ड्यूटी (इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळ) धरली तर साध्या पेट्रोलवर मिनिटाला २०५ सीसीच्या आसपास लागतात, ई२० वर २२० पर्यंत. २४० सीसीचे घेतले की हात मोकळा राहतो. इंजेक्टर पाकळीच्या खाली, पोर्टकडे तोंड करून बसवा. ट्रम्पेटच्या तोंडावरचे इंजेक्टर फार वरच्या आरपीएमच्या रेसिंग इंजिनांसाठी असतात.

ब्रेककडे दुर्लक्ष केलं तर जीव जातो. बूस्टरची नळी एकाच रनरला जोडली तर व्हॅक्यूम चार स्ट्रोकांत एकदाच मिळतो, आणि दर ब्रेकला त्या एका सिलिंडरमध्ये हवा शिरून तो लीन होतो. चारही रनरमधून ३ ते ४ एमएमच्या सारख्या लांबीच्या नळ्या काढून ५० ते १०० सीसीच्या एका छोट्या टाकीत आणा आणि मॅनिफोल्डचा दाब मोजणारा एमएपी सेन्सर तिथे जोडा. बूस्टरसाठी वेगळी, मोठी टाकी आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह द्या. मोठ्या कॅमवर तेवढ्यानेही पुरत नसेल तर विजेवरचा व्हॅक्यूम पंप. तपासायची रीत सोपी आहे: इंजिन आयडलला ठेवून पेडल पाच-सहा वेळा भराभर दाबा. ते दगडासारखं कडक झालं तर ती गाडी घाटात न्यायची नाही.

आयडल व्हॉल्व्हही काढून टाकू नका. उकाड्यात एसीचा कॉम्प्रेसर लागला की आयडल कोसळतं. व्हॉल्व्हमधून निघालेली हवा एका पट्टीतून ८ एमएमच्या चार नळ्यांनी चारही रनरना वाटा. त्याची हवा एअरबॉक्सच्या आतूनच घ्या. क्रँककेसचा ब्रीदरही नुसता बुजवायचा नाही, नाहीतर दाब वाढून सील ऑइल गाळू लागतात. तो कॅच कॅनमध्ये (ऑइलची वाफ गोळा करणाऱ्या डब्यात) न्या.

सिंक्रोनायझिंगला, म्हणजे चारही थ्रॉटल एकमेकांशी जुळवायला, घाई नको. आधी टॅपेट मोजून घ्या, इंजिन पूर्ण गरम करा, मॅनिफोल्डच्या जोडांवर गळती नाही याची खात्री करा. सगळे बायपास स्क्रू (पाकळीला वळसा घालून थोडी हवा सोडणारे) बंद करा. तासाला किती किलो हवा जाते ते दाखवणारा सिंक्रोमीटर प्रत्येक ट्रम्पेटवर धरा आणि लिंकेजच्या स्क्रूने पाकळ्या एकसारख्या करा. मग उरलेला थोडा फरक बायपास उघडून काढा: ज्यातून जास्त हवा जाते त्याला हात लावायचा नाही, बाकीचे त्याच्यापर्यंत आणायचे. त्यानंतर ३००० आरपीएमला पुन्हा मोजा. आयडलला जुळलेलं इथे बिघडलं तर लिंकेजमध्ये खेळ आहे किंवा एखादा स्पिंडल पिळतो आहे. टीपीएसचा शून्य या सगळ्यानंतरच घ्यायचा, आधी घेतला तर पूर्ण टेबल सरकतं. फुल थ्रॉटलला चारही पाकळ्या सरळ ९० अंशांत उभ्या राहतात का ते टॉर्च धरून बघा. पेडलखाली स्टॉप द्या, म्हणजे पायाचा जोर स्पिंडलवर येणार नाही. रिटर्न स्प्रिंग दोन, वेगवेगळ्या जागी.

खाऱ्या वाऱ्यात ॲल्युमिनियमची बॉडी, स्टीलचा स्पिंडल आणि जस्ताचा मुलामा दिलेले स्क्रू एकत्र आले की स्क्रूंवरचा मुलामा आधी जातो, मग गंज धरतो. लिंकेज आणि स्क्रू ३१६ ग्रेड स्टेनलेसचे घ्या. बंदराजवळ बोटीचं सामान विकणाऱ्या दुकानांत अशा गोष्टी विचाराव्यात. स्टेनलेसचा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये जाताना निकेलचं अँटी-सीझ लावा, नाहीतर वर्षाने बोल्ट तुटून आटे घेऊन बाहेर येतो. पाकळीचे बारीक स्क्रू मात्र थ्रेड-लॉक लावून मागून ठोकून पक्के करा, कारण त्यातला एक सुटला तर सरळ पिस्टनवर पडतो. जुन्या बाइकच्या थ्रॉटलवरच्या ओ-रिंग ई२० पुढे टिकतील असं धरू नका, सगळ्या बदलून व्हायटन रबराच्या घाला.

पावसाळ्यात गाडी उभी ठेवणार असाल तर टाकीत ई२० तसंच सोडू नका. इथेनॉल हवेतला ओलावा धरतं आणि पाणी तळाला बसून इंजेक्टरपर्यंत जातं. ट्रम्पेटला झाकणं लावा, लिंकेजवर पातळ ऑइलचा हात फिरवा. सप्टेंबरात सुरू करण्यापूर्वी डबा उघडून चारही पाकळ्या हाताने एकेक करून हलवा. एखादी अडकत असेल तर जोर लावू नका. कार्ब क्लीनर मारून थोडा वेळ थांबा, कडेचा पांढरा थर मऊ कापडाने पुसा आणि पाकळी सोडल्यावर आपोआप पूर्ण बंद होते का ते बघा. चारही बंद होईपर्यंत चावी फिरवायची नाही.